काळ्या गाळातले कामगार: नाल्यातले जिवाणू विष खातात, हे किती खरं?

गेल्या महिन्यात विहारात आरोग्य बैठक होती. विषय बायकांच्या अंगातलं रक्त कमी होण्याचा होता. बैठक संपली, सतरंज्या गुंडाळायला घेतल्या, तेवढ्यात नाल्याकाठी राहणाऱ्या एका ताईने वेगळाच प्रश्न काढला. "सिस्टर, परवा एक माणूस वस्तीत आला होता. म्हणाला, नाल्यात आता बॅक्टेरिया सोडणार, ते सगळं केमिकल खाऊन टाकतात. मग आता वास आला तरी घाबरायचं नाही ना?"

मला तिला एका शब्दात उत्तर देता आलं नाही. तो माणूस खोटं बोलला नव्हता. पण त्याने अर्धंच सांगितलं होतं. अर्धं सत्य हे गोळ्यांच्या अर्ध्या कोर्ससारखं असतं. दोन दिवस बरं वाटतं, रोग मात्र आतच राहतो. म्हणून या महिन्याचं आरोग्य पान त्या ताईच्या प्रश्नासाठी. विषय थोडा रसायनशास्त्राचा आहे, पण मीही नर्सिंगचा डिप्लोमाच केला आहे, मोठी शास्त्रज्ञ नाही. मला जसं समजलं तसं सांगते.

आपल्या दाराशी काय वाहतं

डोंबिवलीची एमआयडीसी 1960 च्या दशकात उभी राहिली. रंग, रंगासाठी लागणारी कच्ची रसायनं, औषधं, कापडावरची प्रक्रिया, असे कारखाने इथे आले. त्यांच्यामागे काम शोधत आपली माणसं आली आणि जिथे जागा मिळाली तिथे, म्हणजे नाल्याच्या काठी, रेल्वे रुळाच्या कडेला, कंपनीच्या भिंतीला लागून राहिली. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, ठाणे-बेलापूर पट्टा, सगळीकडे हीच गोष्ट.

2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक भागांची तपासणी करून त्यांना गुण दिले. 70 च्या वर गुण म्हणजे अति प्रदूषित. हे गुण जेवढे जास्त, तेवढं वाईट. अशा 43 अति प्रदूषित भागांच्या यादीत डोंबिवलीला 78.41 गुण होते. जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री आले. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना मळमळ, चक्कर, धाप लागून दवाखाने गाठावे लागले. जुलै 2015 मध्ये 'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी नद्या पूर्ववत करण्यासाठी मोठी रक्कम भरण्याचे आदेश दिले. ते आदेश उद्योगांच्या बाजूबरोबरच स्थानिक स्वराज्य संस्थांनाही होते, कारण नद्यांत शहरांचं न धुतलेलं सांडपाणीही जातं.

म्हणजे प्रश्न आपल्या कल्पनेतला नाही. तो कागदावर, सरकारी शिक्क्यासह आहे. आता त्या पाण्यात नेमकं काय असतं आणि जिवाणू त्याचं काय करतात, ते पाहू.

क्लोरीन लावलेलं कडं

रंग, औषधं, कीटकनाशकं यांच्या कारखान्यांत एक जिन्नस वारंवार वापरला जातो. कार्बनचे सहा अणू हातात हात घालून गोल उभे राहिले तर जे कडं होतं, ते बेंझीनचं कडं. अशा कड्याच्या रसायनांना अरोमॅटिक म्हणतात. या कड्याला क्लोरीनचे अणू चिकटवले की क्लोरीनयुक्त अरोमॅटिक रसायन तयार होतं. कधी एक क्लोरीन, कधी दोन, तर हेक्झाक्लोरोबेंझीनमध्ये सहाच्या सहा जागांवर क्लोरीन.

नाव ऐकून घाबरू नका. यातली काही आपल्या घरात आहेत. डेटॉलमधलं जंतुनाशक क्लोरोझायलेनॉल, त्याच्या कड्यावर एक क्लोरीन आहे. कंबर दुखली की आपण जे डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतो, त्यात दोन. मुतारीत टाकायच्या काही पांढऱ्या वड्या पॅरा-डायक्लोरोबेंझीनच्या असतात. म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, हिवतापाच्या कार्यक्रमात भिंतींवर पांढरी फवारणी व्हायची. ते डीडीटी. त्यात दोन कडी आणि एकूण पाच क्लोरीन. म्हणजे क्लोरीन दिसला की विष, असं नाही. औषध किती, कुठे, किती दिवस, यावर सगळं ठरतं.

पण क्लोरीन वाढत गेला की दोन गोष्टी होतात. ते रसायन पाण्यात कमी आणि चरबीत जास्त विरघळतं. आणि ते निसर्गात लवकर मोडत नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलेले पीसीबी हे असेच, दोन कड्यांवर दहापर्यंत क्लोरीन. प्लास्टिक आणि वायर जाळल्यावर निघणारी डायॉक्सिन्स हीसुद्धा याच घराण्यातली, आणि सगळ्यांत जहाल.

चरबीत विरघळणारं रसायन लघवीवाटे सहज बाहेर जात नाही. ते साचत राहतं. गाळातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून माणसात, आणि आईच्या दुधातून बाळात जातं. तुर्कस्तानात 1955 ते 1959 या काळात हेच घडलं. पेरणीसाठी दिलेल्या गव्हाला बुरशी लागू नये म्हणून हेक्झाक्लोरोबेंझीन लावलेलं होतं. गरीब कुटुंबांनी भुकेपोटी त्याच गव्हाची रोटी केली. तीन-चार हजार लोकांच्या अंगावर फोड आले, लघवी लालसर झाली, आणि त्या मातांची अंगावर पिणारी लेकरं मोठ्या संख्येने दगावली. जपानमध्ये 1968 मध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी मिसळले गेले, तेव्हाही त्वचेवर काळे पुटकुळे उठलेली माणसं वर्षानुवर्षं आजारी राहिली.

श्वास ऑक्सिजनचा नाही, क्लोरीनचा

आता जिवाणूंकडे वळू. आपण भाकरी खातो आणि श्वास घेतो. भाकरीतली ऊर्जा सुटताना जे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ते शेवटी कुणीतरी स्वीकारावे लागतात. आपल्या शरीरात ते काम ऑक्सिजन करतो. श्वास कोंडला की आपण मरतो, कारण इलेक्ट्रॉन घ्यायला कुणी उरत नाही.

नाल्याच्या तळाच्या काळ्या गाळात ऑक्सिजन नसतो. तिथे राहणारे जिवाणू दुसरा कुणीतरी शोधतात. कुणी नायट्रेट वापरतं, कुणी सल्फेट. सल्फेट वापरणाऱ्यांमुळेच सडक्या अंड्यासारखा वास येतो. आणि काही मोजके जिवाणू चक्क क्लोरीन लावलेलं रसायन वापरतात. ते त्या कड्याला इलेक्ट्रॉन देतात, कड्यावरचा एक क्लोरीन निखळतो, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. सुटलेला क्लोरीन क्लोराइड होतो. क्लोराइड म्हणजे आपल्या मिठात असतं तेच. अशा रीतीने एकेक क्लोरीन उतरवत ते जगतात. त्यांच्यासाठी ते विष म्हणजे श्वास आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये ही गोष्ट जगासमोर मांडली. तलावाच्या गाळात आणि सांडपाण्याच्या मैल्यात त्यांना हे काम होताना दिसलं. पुढे त्यांनी तीन प्रकारच्या जिवाणूंची एक जोडणी वेगळी केली. पहिला क्लोरीन काढतो, पण उरलेलं कडं त्याला खाता येत नाही. दुसरा ते कडं फोडतो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. तिसरा त्या हायड्रोजनपासून मिथेन वायू करतो. आणि थोडा हायड्रोजन पहिल्याकडे परत जातो, कारण क्लोरीन काढायला त्याला तोच लागतो. एकटा कुणीच जगू शकत नाही. नाल्यात जे बुडबुडे येताना दिसतात, त्यात या तिसऱ्याचा मिथेन असतो.

2000 मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी साले नदीच्या गाळातून मिळवलेला एक जिवाणू क्लोरोबेंझीनवर श्वास घेतो, हे दाखवलं. 2003 मध्ये तोच जिवाणू काही डायॉक्सिन्सवरचाही क्लोरीन काढतो, हे सिद्ध झालं. तो डिहॅलोकोकॉइड्स नावाच्या गटातला आहे. आकार मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. ऑक्सिजन लागला की बाद होतो.

आणि यात एक गोष्ट माझ्यासारख्या नर्सला फार आवडली. क्लोरीन उतरवणाऱ्या त्याच्या हत्याराच्या मध्यभागी काय आहे? बी-12! हातापायाला मुंग्या येतात म्हणून मी तुमच्यापैकी कितीजणांना लाल रंगाचं इंजेक्शन दिलं असेल, त्याच घराण्यातलं जीवनसत्त्व, मध्ये कोबाल्ट धातूचा अणू असलेलं. हा जिवाणू ते स्वतः बनवू शकत नाही. शेजारचे दुसरे जिवाणू बनवतात, हा त्यांच्याकडून घेतो. म्हणजे त्यालाही आपल्यासारखीच बी-12 ची गरज, आणि शेजाऱ्यांची.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचा पहिला भाग खरा आहे. असे जिवाणू आहेत. ते कुणी कारखान्यात घडवलेले नाहीत, निसर्गातच आहेत. ज्या रसायनावर खूप क्लोरीन आहेत, ते ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंना सहसा फोडता येत नाही. क्लोरीनची गर्दी ऑक्सिजनला कड्याजवळ येऊ देत नाही. तिथे हे बिनऑक्सिजनवालेच उपयोगी पडतात.

उरलेलं अर्धं

आता जे त्या माणसाने सांगितलं नाही ते.

पहिलं, हे काम फार हळू चालतं. जुलाबाचे जंतू पोषक जागी वीस मिनिटांत दुप्पट होतात. डिहॅलोकोकॉइड्सला प्रयोगशाळेत सगळी सोय करून दिली तरी एक-दोन दिवस किंवा जास्त लागतात. उघड्यावरच्या गाळात महिने आणि वर्षं जातात. पावसाळ्यात नाला एका रात्रीत वाहून जातो. आज सोडलेले जिवाणू उद्या खाडीत.

दुसरं, काम अर्ध्यावर थांबतं. साले नदीतला तो जिवाणू सहा क्लोरीनवरून बहुधा दोन किंवा तीनपर्यंत येतो आणि थांबतो. दुसरे काही जिवाणू पुढे जातात, पण शेवटी उरतं ते बेंझीन, आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. डीडीटीचंही तसंच. बिनऑक्सिजनच्या गाळात त्याचा एक क्लोरीन निघून डीडीडी होतं, पण तेही विषारीच आणि तेही लवकर मोडत नाही. म्हणून जाणकार दोन टप्प्यांत काम करतात. आधी ऑक्सिजनशिवाय क्लोरीन उतरवायचे, मग हवा देऊन दुसऱ्या जिवाणूंकडून कडं फोडून घ्यायचं. नुसतं अर्धं केलं तर एक विष जाऊन दुसरं येतं.

रंगाच्या पाण्याचंही हेच. डोंबिवलीच्या रस्त्यावरचा गुलाबी रंग सगळ्यांना दिसला. कापडाच्या पुष्कळ रंगांमध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी असते, त्यांना अझो रंग म्हणतात. बिनऑक्सिजनचे जिवाणू ती जोडी तोडतात आणि पाणी फिकट होतं. पण तुटलेल्या तुकड्यांपैकी काही अमाइन्स कर्करोग करणारे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून रंग गेला म्हणजे विष गेलं, असं समजू नका.

तिसरं, आपल्या नद्या शेवटी खाडीला मिळतात आणि भरतीचं खारं पाणी आत येतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन आधीच पळवतात आणि क्लोरीन काढणारे उपाशी राहतात. त्यामुळे अशा जागी हे काम अनेकदा मंदावतं. शिवाय कारखान्याच्या पाण्यात आम्ल असेल, जड धातू असतील तर हे नाजूक जीव मरतात. आणि पारा, शिसं, क्रोमियम यांना तर कोणताच जिवाणू संपवू शकत नाही. धातूचं रूप बदलतं, धातू राहतोच.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. नळ चालू ठेवून कुणी लादी पुसतं का? वरून रोज नवीन विष येत असेल तर खाली जिवाणू सोडून काहीही होणार नाही.

हे अमेरिकेतल्या हडसन नदीवर घडून गेलं आहे. जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीच्या दोन कारखान्यांतून 1947 ते 1977 या तीस वर्षांत पीसीबी नदीत जात होते. 1980 च्या दशकात त्याच कंपनीच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की नदीच्या गाळातले जिवाणू पीसीबीवरचे क्लोरीन काढत आहेत. शोध खरा होता, विज्ञानाला उपयोगी होता. पण कंपनी म्हणू लागली की नदी स्वतःच स्वच्छ होते आहे, गाळ काढायची गरज नाही. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने अभ्यास करून सांगितलं की एवढं पुरेसं नाही. 2002 मध्ये गाळ काढण्याचा आदेश झाला आणि 2009 ते 2015 या काळात कंपनीला स्वतःच्या खर्चाने तो काढावा लागला. जिवाणूंनी त्यांचं काम केलं होतं. ते कंपनीची सबब व्हायला तयार झाले नव्हते, त्यांना सबब केलं गेलं.

ज्या गाळात जिवाणू जगतो, तिथे माणूस मरतो

हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ऑक्सिजन नसलेली जागा जिवाणूला घर आहे, माणसाला नाही. 1 नोव्हेंबर 2018 रोजी कल्याण पूर्वेला नेतिवलीत एक विहीर साफ करायला एक माणूस उतरला. तो वर आला नाही. त्याला वाचवायला दोघे उतरले, तेही नाही. मग अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. पाचही जण गेले.

गटार, सेप्टिक टँक, कंपनीची टाकी, सांडपाणी मुरलेली विहीर, यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं वास गेला, आणि दोन श्वासांत तो कोसळतो. त्यामुळे वास नाही म्हणून उतरू नका.

या कामाला कोणत्या जातीची माणसं उतरवली जातात, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. पैशाने माणूस परत येत नाही. म्हणून घरातल्या मुलांना आज सांगून ठेवा: कुणी आत कोसळलं तर मागोमाग उतरायचं नाही. 101 किंवा 112 ला फोन करायचा आणि हवेचा सिलिंडर लावलेल्या माणसाची वाट पाहायची. हे निष्ठुर वाटतं, पण नेतिवलीत एकाच्या मागे चार गेले.

घरात काय करायचं

निळं पिंप. कंपनीतून भंगारात आलेलं निळं पिंप आपल्याकडे घराघरात पाणी भरायला आहे. मीही लग्नानंतर पाच वर्षं अशाच पिंपातलं पाणी वापरलं, सोड्याने घासून. प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडतं, हे मला डिप्लोमा असूनही ठाऊक नव्हतं. घासून ते जात नाही. केमिकलच्या पिंपात प्यायचं पाणी, पीठ, लोणचं काहीही ठेवू नका. नवीन, खाण्याच्या वस्तूंसाठीचं पिंप महाग पडतं, पण बचत गटाने वीस-पंचवीस एकदम घेतली तर भाव कमी होतो.

वायर आणि प्लास्टिक जाळू नका. तांब्यासाठी वायर जाळली की वरच्या पीव्हीसीतल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन तयार होतं. धूर आधी आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. वायर सोलून तांबं काढायला वेळ लागतो, पण सोललेल्या तांब्याला भंगारवाला भावही बरा देतो.

ट्रान्सफॉर्मरचं तेल अंगाला चोळू नका. काही ठिकाणी सांधेदुखीवर ते उपाय म्हणून चोळतात. जुन्या तेलात पीसीबी असू शकतात. भारताने 2016 च्या आदेशाने पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद केली आणि वापर पूर्ण थांबवण्यासाठी 31 डिसेंबर 2025 ही मुदत घातली. जुने ट्रान्सफॉर्मर भंगारात फोडणाऱ्या भावांनी विशेष जपावं.

पाणी उकळा, पण उकळण्याची मर्यादा ओळखा. उकळल्याने जंतू मरतात, कावीळ आणि जुलाब टळतात. रसायन जात नाही. तुरटीनेही जात नाही. पाण्याला रंग, तवंग किंवा औषधासारखा वास असेल तर ते पिऊ नका, बाटलीत नमुना भरून ठेवा आणि तक्रार करा. मात्र टीसीएल पावडर किंवा क्लोरीनचे थेंब पाण्यात टाकणं बंद करू नका. तो क्लोरीन जंतू मारतो. वर सांगितलेलं विष आणि हा क्लोरीन यात गल्लत नको.

भाजी आणि मासळी. रुळाच्या कडेची, नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी शक्य तेवढी टाळा. खाडीची मासळी खाताना काळीज आणि चरबीचा भाग काढून टाका, पाण्याचा रंग बदलला असेल त्या दिवसांत घेऊच नका.

अंगावरचं दूध बंद करू नका. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अर्धवट ऐकून एखादी आई घाबरेल. प्रदूषित भागातसुद्धा आईच्या दुधाचा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. विष थांबवायचं ते नाल्याच्या तोंडाशी, बाळाच्या तोंडाशी नाही.

कंपनीत काम करणाऱ्यांसाठी. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, आंघोळ केल्याशिवाय बाळाला घेऊ नका. गालावर, कानामागे काळ्या टोकाचे पुटकुळे उठून जात नसतील तर ते तारुण्यपिटिका समजू नका. डॉक्टरला आपण कुठे आणि कशावर काम करतो ते सांगा. एका दवाखान्यात मी स्वतः पाहिलं आहे, केसपेपरवर 'व्यवसाय' ही जागा कोरीच ठेवायचे. ती भरून घ्या. अरोमॅटिक हायड्रोकार्बनच्या विषारी हॅलोजनयुक्त रसायनांमुळे होणारे आजार हे कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहेत. म्हणजे तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. ठेकेदाराकडे असाल तर ईएसआयचा नंबर आजच मागा.

पाच प्रश्न

कुणी पुन्हा वस्तीत येऊन म्हणालं की बॅक्टेरिया सोडलेत, काळजी नको, तर त्याला हात जोडून खुर्ची द्या, चहा द्या, आणि हे विचारा.

एक, वरून येणारं केमिकलचं पाणी बंद झालं का? टँकर कोण अडवणार?

दोन, नाल्यात नेमकी कोणती रसायनं आहेत, हे जिवाणू सोडण्याआधी मोजलं का? नुसता सीओडीचा आकडा दाखवला तर पुरत नाही. सीओडी म्हणजे पाण्यातल्या एकूण घाणीचा ढोबळ हिशेब. त्यात क्लोरीनवाली विषं किती, हे कळत नाही. तापमापीने ताप कळतो, मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही, तसंच.

तीन, सोडलेले जिवाणू मैला कुजवणारे आहेत की क्लोरीन काढणारे? वास कमी करणारे जिवाणू वेगळे, हे वेगळे.

चार, त्या विषाचं शेवटी काय होतं? बेंझीन, अमाइन असं काही उरतं का, आणि उरलं तर पुढचा टप्पा कोणता?

पाच, सहा महिन्यांनी गाळ आणि पाणी पुन्हा कोण तपासणार आणि अहवाल आम्हाला कुठे पाहायला मिळणार?

उत्तर तोंडी घेऊ नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं कल्याणला आणि ठाण्याला आहेत. तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फोटो काढताना तारीख, वेळ, जागा लिहा. रात्री पाणी सोडतात, तर रात्रीची वेळ लिहा. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर सामायिक सांडपाणी केंद्राच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे अहवाल मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही दहा रुपये लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्या ताईला मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे ते बिचारे खालून साफ करतात, आणि वरून हे ओततात." यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं. पुढच्या बैठकीला तिने आपल्या गल्लीतल्या नऊ बायका आणल्या, आणि त्यातल्या दोघींनी घरातलं निळं पिंप पाण्यावरून काढलं होतं. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी विहारात बसून लिहिला.